काजमावशीच्या दातांची तार

जेवणाची सुट्टी संपली तरी काजमावशी बेसिनपाशीच उभी होती. एका हातात बारीक टोकाचा ब्रश, दुसऱ्या हातात आरशाचा तुकडा, आणि तोंड असं वासलेलं की मागे हात धुवायला थांबलेल्या इस्त्रीवाल्याला तिच्या अक्कलदाढा दिसाव्यात.

"मावशी, दात घासताय की भांडी?" त्याने विचारलं.

"तुझं तोंड बंद ठेव. मला माझं उघडायचंय."

शर्टांच्या त्या शिवणखात्यात काजं करणं आणि बटणं लावणं हे तिचं काम, म्हणून ती काजमावशी. चाळिशी उलटल्यावर बाईने दातांना तार लावून घेतली, तेव्हा सगळं खातं आठवडाभर हसलं होतं. हसेनात का! लहानपणापासून दाताडी, दाताडी ऐकत ती वाढली होती. लग्नाच्या फोटोतसुद्धा ओठ मिटून, कोणावर तरी रागावल्यासारखी बसली होती. एकदा तरी चार माणसांत मोकळं हसायचं, एवढी एकच हौस तिने आयुष्यात स्वतःसाठी केली. आणि त्या हौसेने तिचा जीव नकोसा केला होता.

काय काय म्हणून करावं! खाल्लं की घासा. तारेच्या वरून घासा, खालून घासा, मग तो बारका ब्रश प्रत्येक फटीत घाला. तारेखालून दोरा ओवून दातांच्या मधलं काढा. हे ओवणं मात्र तिला पहिल्याच दिवशी जमलं. सुईवर जन्म काढलेल्या बाईला त्यात काय अवघड? मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तार गालाला टोचली की तिच्यावर मेणाची गोळी दाबा. सफरचंद खायचं तर तान्ह्या बाळासारखं फोडी करून. शेंगदाणे, चणे, कडक पाव, सगळं बंद. तिने सगळं केलं, अगदी व्रत घेतल्यासारखं केलं. तरी दातावर चिकटवलेली टिकली सुटायची ती सुटायचीच, आणि तीही दर वेळी त्याच दाताची, समोरच्या, उजव्या. डॉक्टरीणबाई तिला ब्रॅकेट म्हणायच्या. मावशीने आयुष्यभर कापडावर टिकल्या लावल्या होत्या, म्हणून ती टिकलीच म्हणायची.

मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढत सांगून टाकलं होतं, "तुम्ही काहीतरी कडक चावताय. ब्रॅकेट असं सुटत राहिलं तर दात भलतीकडेच सरकतील. परत सुटलं तर मी तार काढून टाकेन. अर्धवट उपचारापेक्षा काहीच नको."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कडक? गेले कित्येक महिने ती भात आणि मऊ पावावर जगत होती! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि त्या दुपारी, मोठ्या ऑर्डरची बटणं उरकता उरकता, जिभेला काहीतरी हललेलं लागलं. टिकली सुटून तारेवर इकडून तिकडे घसरत होती. तिने सुई कॉलरखाली खुपसली आणि नुसती बसून राहिली. आता तार जाणार. दात आहेत तिथेच, अर्ध्या वाटेवर राहणार. तिला रडूच आलं.

घरी गेल्यावर रडण्याचा राग झाला. नवऱ्याला ती म्हणाली, "तुम्ही पाव भाजून कडक करता, त्यानेच झालं." त्या बिचाऱ्याने पेपर तोंडासमोर धरला. मग मुलीची पाळी. कॉलेजातून येताना ती खारे दाणे घेऊन आली होती.

"तुझ्या दाण्यांमुळे झालं हे!"

"आई, तू खाल्लेसच कुठे?"

"घरात असतात ना! एखादा भाजीत पडला असेल!"

"आई, ऐक तर, मला काय वाटतं..."

"तुला काय वाटतं ते नंतर. चप्पल घाल. दवाखाना बंद होईल."

दवाखान्यात मुलगी भिंतीशी खुर्चीवर बसली आणि मावशी त्या लांबलचक खुर्चीवर आडवी झाली. डॉक्टरीणबाईंनी दिवा तोंडावर ओढला, आरसा आत घातला आणि उसासा टाकला.

"हिरड्या छान आहेत. घासणं एक नंबर. पण हे काय हो? काय चावलंत?"

"अआ आही," मावशी म्हणाली.

आरसा बाहेर आला. "काही नाही!" तिने परत सांगितलं. "मुलीची शपथ घेऊन सांगते. विचारा तिला."

मुलीने तोंड उघडलं. मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते परत मिटलं.

"मी तरी काय करू?" डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाईट वाटतं, पण तुमचे दात बिघडवण्यापेक्षा तार काढलेली बरी." त्यांनी मदतनीस बाईला तार काढायचा चिमटा आणायला सांगितलं.

मावशी उठून बसली. समोर डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट, आणि कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. सगळीकडून हरलेल्या माणसाला एखादी तरी गोष्ट ठीक करावीशी वाटते.

"तार काढायची तर काढा," ती तुसडेपणाने म्हणाली, "पण ते बटण मला बघवत नाही. थांबा. हलू नका."

मावशीच्या कॉलरखाली दोरा ओवलेली सुई कायमच असायची. डॉक्टरीणबाई काही म्हणायच्या आत दोन टाके पडलेसुद्धा. आणखी दोन. बटणाखाली दोऱ्याचे वेढे, मागून गाठ. मग मावशी डॉक्टरीणबाईंच्या छातीशी वाकली. उजव्या बाजूला सुटलेली टिकली टोचत होती, म्हणून डावीकडच्या दातांत दोरा धरला आणि मानेला एक झटका दिला.

टक्.

दोरा तुटला. डावी टिकलीही सुटली.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळं वीतभर अंतरावरून पाहिलं. चिमटा घेऊन आलेली मदतनीस दारातच थबकली.

"हे... हे तुम्ही दिवसातून किती वेळा करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मावशीने दोऱ्याच्या टोकाकडे पाहिलं. मग जिभेने डावा दात चाचपला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एका शर्टाला किती बटणं, दिवसाला किती शर्ट! तिच्या आईने तसंच शिकवलं होतं, आणि आईच्या आईने तिला. कातरी शोधण्यात वेळ जातो, दात तर तोंडातच असतात.

"मला माहीतच नव्हतं हो," ती पुटपुटली. "दोऱ्याचं कोणी विचारलंच नाही."

आता रागवायचं तर कोणावर? पाव निर्दोष, दाणे निर्दोष, डॉक्टरीणबाई निर्दोष. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

"चिमटा ठेव," डॉक्टरीणबाईंनी मदतनिसाला सांगितलं. "दोन्ही ब्रॅकेट परत चिकटवू. आणि मावशी, उद्यापासून कातरी. नाहीतर खरंच काढेन."

मावशीला हायसं वाटलं. पण ते क्षणभरच, कारण भिंतीकडून मुलगी म्हणाली, "आई, तू घरीही असंच करतेस. मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून बघतेय."

"मग बोलली का नाहीस?" मावशी कडाडली.

"मघापासून तेच सांगायला बघतेय. बोलू देतेस कुठे तू?"

मावशीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते उघडलेलं पाहून डॉक्टरीणबाईंनी लगेच दोन्हीकडे कापसाच्या सुरळ्या बसवल्या, ओठ ताणून धरणारी कडी घातली आणि म्हणाल्या, "आता वाळेपर्यंत बोलायचं नाही. अजिबात."

मुलीने खुर्ची जवळ ओढली. बोलण्यासारखं तिच्याकडे बरंच साठलं होतं.