रेस चिकटली म्हणे!

मी रेस बोलतेय. कंपनीच्या कागदावर माझं नाव ॲक्सिलरेटर. पण चाकणपासून पिंपरीपर्यंत 'रेस दे', 'रेस सोड' एवढंच कानी येतं. आणि काही बिघडलं की, 'रेस चिकटली!' ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय.

जन्म माझा चाकणचा. तिथून पिंपळे गुरवच्या अर्जुनरावांच्या ऑटोमॅटिक गाडीत आले. क्लच नाही, पायाशी मी आणि ब्रेक, दोघंच. अर्जुनराव कंपनीत क्वालिटीला, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणार. स्वतःच्या गाडीत मात्र देवघरात शिरल्यासारखे चपला काढून बसायचे. पाय पोळू नयेत म्हणून त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, आपल्या वारलेल्या आईच्या लुगड्याचं पायपुसणं शिवून रबरी मॅटवर अंथरलं. ते मेलं सरकत सरकत माझ्या अंगावर चढायचं.

"रेस चिकटतेय," म्हणत अर्जुनरावांनी एका दुपारी युसुफ मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी आकुर्डीकडे काढली. ओव्हरटेक करताना मला तळाशी दाबलं, मग पाय उचलला. पण पायपुसण्याची घडी मला दाबूनच बसली. गाडी सुसाट! समोर कौशल्याबाईंची भाजीची हातगाडी. अर्जुनराव घाबरून ब्रेक दाबत-सोडत राहिले.

"भाऊ, ब्रेक सोडू नका, गच्च धरा!" युसुफ ओरडला. "न्यूट्रल करा!"

"चावी बंद करतो!"

"चावी नको, स्टिअरिंग जड होईल! न्यूट्रल!"

न्यूट्रल पडलं. इंजिन नुसतं बोंबललं आणि गाडी हातगाडीच्या वीतभर अलीकडे थांबली. कौशल्याबाईंनी ठेवणीतल्या शिव्या दिल्या. मला त्या रास्तच वाटल्या. चावी बंद झाल्यावर युसुफनं वाकून पायपुसणं ओढलं. "रेस ठणठणीत आहे, भाऊ. हे फेका आधी."

पायपुसणं वाटेतच टाकून घरी गेल्यावर अर्जुनराव काय म्हणाले? "गाडीतच फॉल्ट होता. रेस चिकटली." सासूचं लुगडं, बायकोचं मन दुखेल म्हणे! चोर सोडून संन्याशाला सुळी!

आज मंजुळाबाई स्वतः खाली आल्या. मला झाकत नवं पायपुसणं अंथरलं, आत स्पंज भरलेलं. "पहिलं कुठं हरवलं की! आईच्या दुसऱ्या लुगड्याचं शिवलंय बगा, चांगलं जाड. चला, मी बी येते."

त्या शेजारच्या सीटवर बसल्या. अर्जुनराव पायपुसण्याकडे बघतायत. अहो, आता तरी तोंड उघडा! लुगडं सासूबाईंचं आहे, पण शेजारी बसलीय ती तुमची बायको आहे.

त्यांनी चावी फिरवली.