टपोऱ्या डोळ्यांचे मासे

मित्रांनो, मी एक जुना हीटर आहे. अंघोळीचे पाणी तापवणारा रुबाबदार हीटर नव्हे; त्याला निदान स्वतःची भिंत असते. मी बोटभर जाडीची काचेची नळी. आत तारेचे वेटोळे, डोक्यावर काळी टोपी, टोपीत इवलासा लाल दिवा. माशांच्या टाकीत कोपऱ्यात उभे राहायचे, पाणी गार झाले की तापायचे आणि पुरेसे तापले की गप्प बसायचे, एवढेच माझे काम. वेळेवर गप्प बसण्याचा गुण माणसांत शोधून पाहा, म्हणजे माझी किंमत कळेल.

कारखान्यात आम्ही शेकड्याने जन्मलो. आमचे बारसे झाले नाही, तपासणी झाली. एका बाईने मला पाण्यात बुडवले, दिवा लागला, ती "चालेल" म्हणाली आणि मी खोक्यात गेलो. खोक्यातून निघालो तो एका चष्मेवाल्याच्या घरी. पुढे दुकान, मागे घर आणि मधल्या खोलीत आबांची खुर्ची. त्या खुर्चीसमोर माझी टाकी मांडली होती.

आबा म्हणजे चष्मेवाल्याचे वडील. त्यांच्या डोळ्यांचा मागचा पडदा झिजत चालला होता. मुलाने दुकानातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या काचा त्यांच्या नाकावर चढवून पाहिल्या. त्याच्या हातून अख्ख्या गल्लीला दिसू लागले, बापाला मात्र दिसेना. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, "हे नंबरचं काम नाही. अजून थोडं दिसतंय, तोवर जे दाखवायचं ते दाखवून घ्या."

आता आबांना दाखवायचे काय? अक्षरे आधीच गेली होती. चेहरे गेले होते. सूनबाईंना ते चपलांच्या आवाजावरून ओळखत. पण एकदा डॉक्टरांकडून परत येताना माशांच्या दुकानापाशी ते एकाएकी थांबले.

"बाळ्या, ती ताटली हलतेय का रे?"

"ताटली नाही आबा, मासा आहे. डिस्कस म्हणतात."

"मासा? अरे, मला दिसला की!"

बाळ्या, म्हणजे आमचा चष्मेवाला, तेव्हा पन्नाशीला टेकला होता, पण रस्त्यात उभा राहून लहान पोरासारखा हसला, असे सूनबाई पुढे कितीदा तरी सांगत. दुकानातले ते मोठे मासे विकायचे नव्हते, शोभेचे होते. म्हणून त्याने कोटाच्या बटणाएवढी सहा निळी पिल्ले आणली. "वर्षभरात ताटलीएवढी होतील, जीव लावलात तर," दुकानदार म्हणाला. चष्मेवाल्याने 'वर्षभरात' ऐकले. 'तर' त्याच्या कानावरून गेला.

जीव त्याने लावला नाही असे कसे म्हणू? लावला, पण स्वतःच्या पद्धतीने. त्याला स्वतःला जेवण कमी करायला सांगितलेले होते, आणि पोट सुटलेल्या माणसाला एकदा पथ्य कळले की तो ते जगाला लावतो. "दोन घास कमी खाल्ले की आयुष्य वाढतं," म्हणत तो पिल्लांना सकाळी एकदा चिमूटभर खाणे टाकत असे. पाणी बदलायचे ते रविवारी, तेही तांब्या-दोन तांबे. सारखे पाणी हलवले की मासा बावरतो, अशी त्याची समजूत. तळाला रंगीत खडे आणि एक प्लास्टिकचा किल्ला. उरलेले खाणे त्या खड्यांत कुजत बसे.

"अहो, वाढत्या पोरांना कोणी एक वेळ जेवायला घालतं का?" सूनबाईंनी एकदा विचारले.

"अगं, पोरं कुठली? मासे आहेत ते."

"तेच म्हणते मी. पोरांना निदान रडता तरी येतं."

मी माझ्या परीने ऊब देत होतो. पण नुसत्या उबेवर कोणी मोठे होत नाही, हे मला त्या टाकीत उभे राहून कळले. महिने गेले. पिल्ले बटणाची बिस्किटाएवढी झाली आणि तिथेच थांबली. डोळे मात्र मोठे दिसू लागले. काळेभोर बुबूळ आणि भोवती लाल कडे. डोळा हा चष्मेवाल्याचा धंदा. तो हरखून गेला. नंबर काढायला आलेल्या गिऱ्हाइकांना आत बोलावून दाखवू लागला. "बघा, काय टपोरे डोळे आहेत!" गिऱ्हाईकही मान डोलावी, चष्मा अजून मिळायचा असे ना!

आबांना ते मासे म्हणजे धुक्यातले ठिपके वाटत. पण चारचौघे म्हणत तसे तेही म्हणत, "हो हो, टपोरे आहेत."

एके दिवशी सूनबाईंनी फोनवर पूर्ण वाढलेल्या डिस्कसचा फोटो शोधून नवऱ्यासमोर धरला. "याचे डोळे बघा की. किती बारीक आहेत!"

"जात वेगळी असेल."

"जात तीच लिहिलीय."

तो उठला. मग दुकानातून दोन बुबुळांमधले अंतर मोजायची पट्टी घेऊन आला आणि काचेला लावून बसला. आधी फोटोतला डोळा आणि अंग, मग आमच्या माशाचा डोळा आणि अंग. पट्टी खाली ठेवताना त्याचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला.

मित्रांनो, गंमत अशी की, ही गोष्ट त्याला कोणी शिकवायची गरजच नव्हती. दुकानात तान्ह्या मुलांना घेऊन आलेल्या आयांना तो वर्षानुवर्षे हसत हसत सांगत आला होता, "बाळाचे डोळे टपोरे दिसतात ना? डोळा लवकर भरतो हो, चेहरा मागाहून वाढतो." माशाचा डोळाही असाच वाढत होता. मागाहून वाढायचे ते अंग उपाशीपोटी आणि घाण पाण्यात तसेच राहून गेले होते. त्याने ज्याचे कौतुक केले, ती त्यांची खुंटलेली वाढ होती.

"आता खायला घातलं तर?" सूनबाईंनी विचारले.

"नाही. वाढायचं वय गेलं यांचं." मग आबांच्या खुर्चीकडे बघत तो हलकेच म्हणाला, "आणि तिकडे दिवस चाललेत."

ती सहा दुसऱ्या टाकीत गेली आणि नवी पिल्ले आली, लाल रंगाची. या वेळी मात्र त्याने 'तर' नीट ऐकला होता. खडे गेले, किल्ला गेला. उघडा काचेचा तळ, म्हणजे घाण लपायला जागा नाही. न्हाणीघरात एक पिंप आले. त्यात पाणी आदल्या दिवशीच भरून, मुरवून, कोमट करून ठेवायचे आणि रोज अर्धी टाकी बदलायची. कोळंबीचा बारीक खिमा दिवसातून चार-पाचदा, थोडा थोडा. उरलेला लगेच नळीने ओढून काढायचा. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम तशीच ठेवून तो आत पळत येई. "आलोच हं! पोरांची जेवणाची वेळ झाली." सूनबाई तोंडाला हात लावून हसत.

पिल्ले वाढू लागली. कपाळ गोलसर भरले, पाठ रुंद झाली, कातडीला तकाकी आली. बिस्किटाची बशी झाली. पण इकडे आबा भिंत चाचपून चालू लागले. चष्मेवाला सकाळी उठला की आधी माशांकडे बघे, मग वडिलांकडे, आणि कोण पुढे आहे ते कोणाला सांगत नसे. बशीची ताटली व्हायला आणखी महिने लागले. पाण्याला आणि खाण्याला घाई करता येते, हाडांना नाही.

मग एके सकाळी त्याने काच आतून-बाहेरून लख्ख पुसली आणि आबांची खुर्ची टाकीला भिडवली.

"आबा, बघा."

आबांनी तोंड काचेजवळ नेले. सगळ्यांत मोठा मासा खाण्याच्या आशेने नेमका त्यांच्या नाकासमोर येऊन थांबला. खरोखर ताटलीएवढा, लालबुंद. मध्ये फक्त काच होती.

"दिसतो का?"

"न दिसायला काय झालं? केवढा झालाय रे!"

"हो ना! झालाय ना?"

"आणि डोळे काय टपोरे, बाळ्या! आधीपेक्षाही टपोरे."

सूनबाईंनी हातातला डबा हळूच खाली ठेवला. त्या एवढ्या मोठ्या लाल अंगावर डोळा मिरीच्या दाण्याएवढा होता. आणि समोरची अक्षरे न दिसता पाठ म्हणून दाखवणारे गिऱ्हाईक चष्मेवाला पहिल्या ओळीतच ओळखत असे. अशा माणसाला तो हसून म्हणे, "काका, पाठ नका म्हणू, दिसतं तेवढंच सांगा."

त्या सकाळी तो तसे म्हणाला नाही.

"हो आबा," तो म्हणाला. "टपोरेच आहेत."

आता लोक मुद्दाम मासे बघायला येतात. एवढे मोठे, निरोगी डिस्कस घरच्या टाकीत कुठे बघितले नाहीत म्हणतात. आबा खुर्चीत बसून त्यांना माशांचे वर्णन ऐकवतात आणि सूनबाई 'हो म्हणा' असे पाहुण्यांना डोळ्यांनी खुणावतात. आबांचा हात मी उभा असतो त्या कोपऱ्यातल्या काचेवर असतो. तिथे कोमट लागते. माझ्या अंगावर क्षार साचले आहेत, दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, पण त्या हातासाठी मी अजून तापतो.

परवा चष्मेवाला तापाने फणफणला होता, तरी बादली घेऊन उठला.

"आज राहू द्या हो पाणी," सूनबाई म्हणाल्या.

"नको. वाढायचं वय आहे त्यांचं."

"वाढले की ते."

त्याने माझा प्लग काढला आणि पाणी उपसायला लागला.

मित्रांनो, मासे पाळाल तर पाणी उपसण्यापूर्वी हीटरचा प्लग आठवणीने काढा, कोरडा तापलो तर मी फुटतो. पिल्लांना लहानपणीच पोटभर घाला आणि पाणी उद्यावर टाकू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही दाखवायचे असेल, तर ते मोठे होण्याची वाट बघू नका. लहान असेल तसे, हाताला धरून, जवळ नेऊन दाखवा. नाहीतर पुढे ते माणूस तुमच्यासाठी 'दिसतंय' म्हणते, आणि तुम्हाला 'हो' म्हणावे लागते.