अस्वलाचा आवाज

शिंपीआजोबांनी आयुष्यात पडदे पुष्कळ शिवले होते, पण मुलं दिसू नयेत म्हणून पडदा शिवून द्या, असं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

बालवर्गाच्या दाराला वरच्या अंगाला काचेची चौकट होती. बाहेरच्या माणसाने डोकावलं की अख्खा वर्ग दिसायचा. कुठल्याशा दूरच्या गावी एका शाळेत भलतंच काही घडलं होतं. पेपरात आलेली ती बातमी आजोबांनी अर्धीच वाचली आणि पेपर घडी करून मशीनच्या खणात सारला. तेव्हापासून सगळ्या शाळांना हुकूम होता, की धोक्याच्या वेळी काय करायचं ते लहान मुलांनाही शिकवा. आग लागली तर एकमेकांचा हात धरून मैदानात. जमीन हलली तर बाकाखाली. आणि नको तो माणूस शाळेत शिरला तर दार बंद, दिवे बंद, पडदा खाली, आणि तोंडातून अवाक्षर नाही.

आग आणि भूकंप मुलांना फार आवडायचे. तिसऱ्या प्रकाराची बाईंनाच धास्ती होती.

"जाड काळं कापड घ्या, आजोबा," बाई म्हणाल्या, "आणि खाली काहीतरी वजन घाला, वाऱ्याने उडायला नको."

आजोबांनी पडद्याच्या खालच्या दुमडीत जुन्या कोटाची जड बटणं शिवली. त्यांची नात त्याच वर्गात होती. जन्मली तेव्हा इतकी गोल आणि एवढीशी होती की आजोबांनी तिला बटण म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे तिची आईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागली. मुलगा परगावी नोकरीला, सूनबाई दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. तेव्हा बटणला शाळेत सोडणं, आणणं आणि आई येईपर्यंत रमवणं हे आजोबांचं काम. ते मशीनवर बसायचे, ती मशीनखाली चिंध्यांमध्ये बसायची, आणि वरून गोष्ट चालू असायची. गोष्टीतली माणसं कशीही असोत, अस्वल मात्र लागायचंच. नाक चोंदलेलं, मधाने घसा बसलेला, प्रत्येक शब्द ओढत बोलणारं अस्वल.

पडदा लावायला आजोबा शाळेत गेले त्याच दिवशी तिसऱ्या प्रकारचा सराव होता.

"आलाच आहात तर एक मदत करा," बाई हळूच म्हणाल्या. "मी मुलांबरोबर आत असेन. बाहेरून कोणीतरी गोड बोलून दार उघडायला सांगायला हवं. शिपायाचा आवाज मुलांना पाठ आहे. एखादा अनोळखी माणूस पाहिजे."

"आमच्या सूनबाईला विचारा," आजोबा म्हणाले. "ती म्हणते, बाबांइतका अनोळखी माणूस घरात दुसरा नाही. काही विचारलं तर हूं, नाहीतर ऊंहू."

बाई हसल्या. "पण बटण आहे आत. आवाज जरा बदला म्हणजे झालं."

आवाज बदलायचा म्हटल्यावर आजोबांना एकच आवाज काढता येत होता.

दार बंद झालं, पडदा पडला. आजोबांनी टकटक केली आणि मधाळ, ओढलेल्या आवाजात म्हणाले, "मुलांनोऽऽ, दाऽर उघडा. मी खाऊ आणलाय."

आत कोणीतरी खुदकन हसलं, छोटी पावलं धावत आली, खटका फिरला, आणि दारात बटण उभी होती. तोंडभर हसत.

"बाई, हे तर आमचं अस्वल आहे!"

सगळा वर्ग हसला. आजोबाही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या अंधाऱ्या कोपऱ्यातून उठल्या, त्यांनी दिवे लावले आणि शांतपणे म्हणाल्या, "बाळा, आपण दार उघडायचं नव्हतं." तेवढंच म्हणाल्या त्या. पण समोरचे दात पडलेला एक मुलगा कोपऱ्यातून मोठ्याने म्हणाला, "हिच्यामुळे आपण सगळे मेलो!"

हसू कुठल्या कुठे गेलं.

घरी आल्यावर बटण मशीनखाली बसली नाही. संध्याकाळी सूनबाई आली, तिने पर्स टेबलावर ठेवली तोच बटण तिला म्हणाली, "आई, मी आज सगळ्यांना मारलं."

सगळं ऐकून घेतल्यावर सूनबाई स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा नको इतका आवाज करू लागली. मग बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, तुम्हाला हो कशाला म्हणायचं होतं? इतर वेळी लोक चार गोष्टी विचारतात तर तुमच्या तोंडाला शिवण घातलेली असते."

"चुकलंच माझं," आजोबा म्हणाले.

"चुकलं म्हणून काय होतंय? ती उद्या शाळेत जाणार नाही म्हणते."

गेली ती. पण ओढत नेल्यासारखी गेली. बाईंनी तिला दारापासून लांब बसवलं होतं. बाईंच्या मनात त्यात काही नसावं, पण मुलांना सगळं कळतं. दुपारी आणायला गेल्यावर आजोबांनी पाहिलं, सगळी मुलं दाराशी दप्तरं पाठीला लावत होती आणि बटण आतच उभी होती. सगळे बाहेर पडेपर्यंत ती दाराजवळ यायला तयार नव्हती.

आजोबांनी तिला बाकावर बसवलं आणि बाईंना गाठलं.

"पुढचा सराव कधी?"

"शुक्रवारी. काळजी करू नका, आजोबा. या वेळी मी दुसऱ्या कोणाला तरी बोलावते."

आजोबांनी टोपी हातात फिरवली. "दुसऱ्या कोणाला तिने उघडलंच नसतं, बाई. तिने मला उघडलं. तेव्हा हाक मीच मारायला पाहिजे."

"तिला झेपेल?"

"ते मला माहीत नाही," आजोबा म्हणाले. मला तरी झेपेल का, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

बाईंनी त्यांना नियम पुन्हा समजावला. आतून कोणीही, कोणासाठीही खटका फिरवायचा नाही. सोडवायला येणारा माणूस हाका मारत नाही. त्याच्याकडे किल्ली असते. म्हणजे उघडायचं की नाही, हे मुलांनी ठरवायचंच नाही.

घरी आजोबांनी आतल्या खोलीत बटणला बसवलं आणि स्वतः बाहेर आले. दार लावलं. "बटण, दार उघड ग."

दार उघडलं.

"असं नाही. उघडायचं नाही."

"पण तुम्हीच होता!"

"मी असलो तरी नाही."

दुसऱ्यांदा दार लागलं. "बटण, उघड पाहू." पुन्हा दार उघडलं. या वेळी ती रागावली होती. "तुम्ही खरे होता ना! खोट्या माणसाला नाही उघडायचं. तुम्ही काय खोटे आहात?"

 आजोबा मशीनपाशी जाऊन स्टुलावर बसले. बटणही मागोमाग आली, पण मशीनखाली न शिरता त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"समज," आजोबा म्हणाले, "मी खराच आहे. पण माझ्या मागे तो माणूस उभा आहे. मला म्हणाला, हाक मार तुझ्या नातीला. म्हणून मी मारली. मग?"

बटणने मान वर केली. "मग मी नाही उघडलं तर तो तुम्हाला मारेल?"

आजोबांनी मशीनचं चाक हाताने थोडं फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. खाली कापड नव्हतं.

"मी म्हातारा माणूस आहे," ते म्हणाले. "मी माझं बघून घेईन. तू उघडायचं नाहीस."

"तुम्हाला राग येईल."

"उघडलंस तर येईल. नाही उघडलंस तर मला बरं वाटेल."

"बाहेर उभ्या उभ्या?"

"बाहेर उभ्या उभ्या."

तिने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. गोष्टीत आजोबा थापा मारतात आणि एरवी मारत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तिने आणखी सराव करू दिला नाही. मशीनखाली जाऊन बसली आणि चिंध्या रंगांप्रमाणे वेगळ्या करत राहिली.

शुक्रवारी बालवर्गाचं दार बंद झालं. पडदा सरळ पडला, खालच्या बटणांचा दारावर हलका आवाज झाला आणि थांबला. पडदा छान बसला होता. काचेतून काहीही दिसत नव्हतं.

बाहेर मुख्याध्यापक सर किल्ली घेऊन भिंतीला टेकले होते. त्यांनी मान हलवली.

आजोबांनी आधी अस्वलाच्या आवाजात हाक मारली. आत काही हललं नाही. मग स्वतःच्या आवाजात म्हणाले, "मुलांनो, मी शिंपीआजोबा. पडदा काढायचाय, उघडा बरं." काही नाही. सर बोटाने पुरे म्हणाले. पण आजोबांना वाटलं, इतकं सोपं ठेवलं तर आपण सगळ्यांना मारलं, हे हिच्या मनातून जाणार नाही. त्यांनी दारावर हात टेकला.

"बटण, मी पडलोय ग. पायाला लागलंय. दार उघड."

सरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आत, दाराच्या अगदी जवळ, कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. आजोबांची नजर खटक्याच्या पितळी मुठीवर खिळली. मूठ हलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं की वाईट, हे त्यांना त्या घडीला सांगता आलं नसतं.

मूठ हलली नाही.

सरांनी किल्ली लावली. दिवे लागले. मुलं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसली होती, आणि बाईंचा एक हात बटणच्या खांद्यावर होता. ती दारापर्यंत आली असावी आणि परत गेली असावी, कारण तिची एक चप्पल दारापाशी पडली होती. ती उठली आणि आधी दात पडलेल्या मुलाजवळ गेली.

"मेलो नाही आपण," ती म्हणाली.

"नाही मेलो," त्याने कबूल केलं.

मग ती आजोबांपाशी आली आणि खाली बसून त्यांचा पाय चाचपू लागली, दोन्ही हातांनी, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत.

"कुठे लागलं?"

"नाही लागलं ग. खोटंच म्हणालो."

"मला वाटलं खरंच." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "खरंच वाटलं. तरी नाही उघडलं."

"शहाणी माझी ती," आजोबा म्हणाले आणि चप्पल शोधायच्या निमित्ताने खाली वाकले.

संध्याकाळी बटण मशीनखाली आपल्या जागी येऊन बसली. गोष्ट सुरू झाली. जंगल आलं, झरा आला, मधाचं पोळं आलं. पण पोळ्याखाली कोणीच येईना.

"अस्वल कुठाय?"

"आज झोपलंय."

"आवाज काढा ना."

आजोबांनी घसा खाकरला. पण तो आवाज काही निघेना. दाराला टेकलेला आपला हातच त्यांना दिसत होता.

"राहू दे," बटण म्हणाली. "मी होते अस्वल. तुम्ही आत बसा."

तिने त्यांना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मग टकटक झाली. नाक चोंदलेला, ओढलेला, एवढासा आवाज आला. "आजोबाऽऽ, दाऽर उघडा."

आजोबा लगेच उठले आणि त्यांनी दार उघडलं.

बटण कमरेवर हात ठेवून उभी होती. "असं उघडायचं नसतं!"

"तू होतीस म्हणून उघडलं."

"मी असले तरी नाही." ती गंभीर होती, बाईंसारखी. "माझ्या मागे तो माणूस असला तर? पुन्हा बसा. नीट."

दार पुन्हा लागलं. आजोबा पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

अस्वलाने हाक मारली. मग अस्वल गेलं आणि बटणचाच आवाज आला. "आजोबा, मी आहे. उघडा ना." थोडा वेळ गेला. मग, अगदी दाराला तोंड लावून, "आजोबा, मी पडले. पायाला लागलंय."

खोटं आहे, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांचे गुडघे आपोआप उठायला निघाले, आणि ते त्यांनी हातांनी खाली दाबून धरले. त्या काळ्या पडद्यामागे एवढ्याशा पोरीने हे कशाने दाबून धरलं असेल, हे त्यांना कळेना.

"आजोबा?" बाहेरचा आवाज जरासा घाबरला. "आजोबा, तुम्ही आहात ना आत?"

आजोबा हलले नाहीत. बाहेरच्या दारात सूनबाईच्या किल्लीचा आवाज होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.