बोटीच्या इंजिनाची लाल दोरी

मित्रांनो, मी एक जुनी लाल दोरी आहे. दोरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वाळत घातलेले कपडे येतील, पण मी तसली नव्हे. मी जेमतेम हातभर लांब, जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळी. माझ्या एका टोकाला प्लास्टिकचा चिमटा आहे. तो छोट्या बोटीच्या इंजिनाच्या बटणाखाली बसवतात आणि माझं दुसरं टोक बोट चालवणाऱ्याच्या मनगटात अडकवतात. तो पाण्यात पडला की मी ताणली जाते, चिमटा निसटतो आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. बोट माणसाला टाकून पुढे जात नाही. एवढंच माझं काम. ते कदाचित आयुष्यात एकदाच करावं लागतं, कदाचित कधीच नाही. म्हणूनच लोकांना माझा फार लवकर कंटाळा येतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला नीट सांगता येणार नाही. गरम प्लास्टिकचा वास आठवतो, आणि एका बाईने मला दोन्ही हातांनी खेचून पारखलं होतं ते आठवतं. पुढे खोक्यात बसून मी कॅनडात आले, व्हँकुव्हर बेटावरच्या सूक नावाच्या गावी. तिथे हॅलोरन नावाच्या म्हाताऱ्याने मला आपल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीसाठी विकत घेतलं. म्हातारा भलता खडूस होता. समुद्राला शिव्या द्यायचा, माशांना द्यायचा, हवामानाच्या बातम्यांना तर रोजच द्यायचा. पण मला मनगटात अडकवल्याशिवाय त्याने कधी इंजिनाला हात लावला नाही.

एकदा गळाला लागलेला सॅमन मासा ओढताना त्याचा पाय घसरला आणि तो पाण्यात गेला. मी ताणले गेले, चिमटा सुटला, इंजिन गप्प झालं. बोट त्याच्या हाताशीच डुलत राहिली. धापा टाकत वर चढल्यावर त्याने आधी मला पुसलं आणि मग स्वतःला. त्यानंतर धक्क्यावर जो भेटेल त्याला तो माझी गोष्ट सांगायचा. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला चांगलाच भाव चढला होता.

मग म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि त्याने बोट स्वानंदला विकली. स्वानंद नागपूरचा. जवळच्या व्हिक्टोरिया शहरात सॉफ्टवेअरची नोकरी करायचा. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि तोही काठावर उभं राहून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पण सूकच्या पाण्यावर त्याचा जीव जडला. दर शनिवारी तो थर्मासमध्ये चहा भरून निघायचा, इंजिन अगदी हळू चालू ठेवून मागे गळ सोडायचा आणि जुनी गाणी गुणगुणत बसायचा. मासा लागला नाही तरी खूश. असा माणूस मालक म्हणून मिळणं हे माझं भाग्यच होतं.

बोट ताब्यात देताना हॅलोरनने मला स्वतः त्याच्या उजव्या मनगटात अडकवून दाखवलं. डाव्या हातात त्याचं घड्याळ होतं म्हणून उजवा हात माझा झाला. पहिला उन्हाळा त्याने मला चुकवलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र पाणी शांत असलं की तो मला काढून बोट वळवायच्या, इंजिनाच्या दांडीवर लटकवून ठेवू लागला. चिमटा बटणाखाली, दुसरं टोक वाऱ्यावर. मी काय करणार? मित्रांनो, दोरीला रुसता येतं, ओरडता येत नाही.

स्वानंदची मोठी बहीण उत्कर्षा. ती कॅनडातच, पण दूर पूर्वेकडे, नॉर्थ यॉर्कला राहते. दरवर्षी तिची राखी पाकिटातून यायची. त्या वर्षी ती स्वतःच आली, विमानाने, राखी आणि पेढ्यांचा डबा घेऊन. भावाला हौस आली. आज नारळी पौर्णिमा म्हणजे समुद्राचाच सण, तर राखीसुद्धा समुद्रावरच बांधून घेईन म्हणाला. ताईने हौसेने होकार दिला. त्याने मोतिया रंगाचा नवा झब्बा घातला, त्यावर लाईफ जॅकेट चढवलं आणि निघताना मला मनगटात अडकवलं. ताई सोबत होती ना, म्हणून त्या दिवशी तो शहाण्यासारखा वागत होता.

सकाळचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. आसपास एकही बोट दिसत नव्हती. त्याने समुद्राला नारळ वाहिला, गळ सोडला, इंजिन हळू केलं. उत्कर्षाने स्टीलच्या ताटलीत निरांजन मांडलं. वाऱ्याने ते काही पेटू दिलं नाही, तेव्हा तिने तसंच ओवाळलं आणि राखी हातात घेतली. उजवा हात पुढे आला. त्या हातात मी होते.

“थांब ताई, ही दोरी काढतो. राखी चुरगळेल,” तो म्हणाला.

“काढली तर चालते ना पण?” तिने विचारलं.

“अगं, डोन्ट वरी. एक फोटो काढून आईला पाठवू, मग लगेच घालतो.”

त्याने मला दांडीवर लटकवलं. फोटोत झब्बा दिसावा म्हणून लाईफ जॅकेटही काढून बाकावर टाकलं. राखी बांधून झाली, फोटो झाला, ताईने त्याच्या तोंडात पेढा भरवला. आणि नेमकी तेव्हाच मागची गळाची काठी वाकली. रिळाचा आवाज असा झाला की मोठा सॅमन लागलाय हे मलासुद्धा कळलं. पेढा तोंडात धरूनच स्वानंद उठला आणि काठीकडे झेपावला. दूरवर गेलेल्या एखाद्या जहाजाची लाट त्याच क्षणी आमच्यापर्यंत पोचली. बोट एका अंगाला कलली आणि तो पाण्यात गेला.

ज्या क्षणासाठी मला बनवलं होतं, तो हाच. मी दांडीवर लटकून होते. मला कुणीच ओढलं नाही. इंजिन चालू राहिलं आणि बोट त्याला मागे टाकून पुढे निघाली.

उत्कर्षाने जन्मात कधी बोट चालवली नव्हती. ती इंजिनापाशी धडपडत आली आणि तिने दांडीची मूठ पिरगाळली, नेमकी उलट्या बाजूला. इंजिन गुरगुरलं, बोटीने उडी घेतली आणि मधलं अंतर आणखी वाढलं. मी तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर झोके घेत होते. मला ओढ, ताई, नुसतं ओढ, असं माझं सगळं अंग सांगत होतं. पण मी कोण आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती बटणं चाचपत होती, रडत होती, भावाला हाका मारत होती. शेवटी तिच्या बाहीत अडकून मी ओढले गेले, चिमटा सुटला आणि इंजिन थांबलं.

त्या शांततेत स्वानंदचा आवाज आला. “ताई.” बराच लांबून.

आता बोट मागे न्यायची होती. तिने इंजिन सुरू करायची दोरी ओढली. पुन्हा ओढली. तळहात सोलवटले तरी ती ओढत राहिली. मित्रांनो, माझा चिमटा बटणाखाली परत बसवल्याशिवाय ते इंजिन सुरू होत नाही. आणि मी तिच्या बुटांपाशी, बोटीतल्या पाण्यात, सांडलेल्या पेढ्यांमध्ये पडले होते. तिने मला तुडवलं, पण उचललं नाही. उचलून तरी काय केलं असतं तिने?

तिने लाईफ जॅकेट त्याच्या दिशेने फेकलं, ते वाऱ्याने बाजूला गेलं. मग वल्ही घेतली. एक वल्हं निसटून वाहून गेलं, दुसऱ्याने बोट जागच्या जागी गरागरा फिरू लागली. ऑगस्ट असला तरी तिथलं पाणी हाडं गोठवणारं असतं. “ताई” अशी हाक आणखी एकदा आली. त्यानंतर आली नाही. ती मात्र मदतीसाठी ओरडत राहिली, पार घसा फुटेपर्यंत. ते ऐकून धुक्यातून एका म्हाताऱ्या जोडप्याची बोट आली. त्यांनी स्वानंदला शोधलं, वर ओढून घेतलं, धक्क्यापर्यंत छातीवर दाब देत राहिले. हॉस्पिटलमध्येही पुष्कळ प्रयत्न झाले. पण तो परत आला नाही.

पोलिसांनी बोटीतल्या आणि स्वानंदच्या अंगावरच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून उत्कर्षाच्या हवाली केल्या. त्यात मी आहे, घड्याळ आहे आणि ती राखीही आहे. आता आम्ही नॉर्थ यॉर्कच्या एका उंच इमारतीत, कपाटाच्या खणात असतो. ती कधीतरी खण उघडते, राखी हातात घेऊन बसते आणि माझ्याकडे न बघता पुन्हा बंद करते. मी काय होते, ते तिला आता ठाऊक आहे. पोलिसांनीच समजावून सांगितलं.

परवा आईचा नागपूरहून फोन आला होता. निदान तुझी राखी होती गं त्याच्या हातात, असं म्हणून आई रडली. फोन ठेवल्यावर उत्कर्षा नवऱ्याला, मिलिंदला म्हणाली, “मी राखी बांधली नसती तर ती दोरी त्याच्या हातात असती. मीच मारलं रे त्याला.” मिलिंदने तिला जवळ घेतलं.

तिला सांगायला माझ्यापाशी शब्द आहेत, पण मला तोंड नाही. म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते. कुठल्याही छोट्या बोटीत बसलात तर माझ्यासारखी दोरी कुठे आहे ते आधी विचारा. चालवणाऱ्याच्या हातात ती नसेल तर हट्टाला पेटा, बोट निघू देऊ नका. आणि इंजिन कसं थांबवायचं, कसं सुरू करायचं, हे बोटीतल्या प्रत्येकाने शिकून घ्या, पाहुण्यानेसुद्धा. तुम्हाला कुणी भित्रं म्हटलं तर म्हणू दे.

आणि तुमच्यापैकी कुणी नॉर्थ यॉर्कला असेल, कुणाला माझी उत्कर्षाताई भेटली, तर तिला माझा एवढा निरोप द्या. ताई, तू विचारलं होतंस. तुझ्या राखीचा काही दोष नाही. ती उजव्या हातात होती, आणि मी डाव्या हातातही मावले असते.