सव्विसावे पान

मित्रांनो, मी एक जुना दस्तऐवज आहे. बत्तीस पाने, वर निळे प्लॅस्टिकचे कव्हर आणि कडेला काळी स्पायरल. जुना म्हणालो खरा, पण माझे वय सव्वा वर्षाच्या पुढे नाही. तरी माझ्या अंगावर हळदीकुंकवाचे डाग आहेत, कोपरे मुडपले आहेत आणि लोखंडी पेटीतला कुबट वास काही केल्या जात नाही. आमच्यासारख्यांना ‘व्हाइटपेपर’ म्हणतात. मोबाइलवरचे एखादे नवे नाणे, म्हणजे क्रिप्टो, बाजारात आणताना आपण कोण, लोकांच्या पैशाचे काय करणार आणि त्यात धोका काय, हे ती आणणारी माणसे ज्यात लिहितात, तो कागद म्हणजे मी. माझा जन्म वाचला जाण्यासाठी झाला होता. नेमके तेवढेच माझ्या नशिबात नव्हते.

शिरपूर जैनच्या बसथांब्याजवळ पवनचे झेरॉक्सचे दुकान आहे. देवदर्शनाला आलेले यात्रेकरू तिथे आधारकार्डाच्या प्रती काढायला थांबतात. त्या गर्दीत दिवाळीच्या चार दिवस आधी किन्हीराजा गावचा राजू मोटारसायकलवरून आला आणि त्याने मला मोबाइलमधून पवनच्या संगणकावर पाठवले. मी गरम गरम यंत्रातून बाहेर पडलो. मला वाटले, आता हे दोघे मला हातात घेतील आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करतील.

“बत्तीस पानं!” पवन म्हणाला. “येवढं कोन वाचन, राजूभाऊ?”

“वाचाले नाई रे, दाखवाले पायजे,” राजू म्हणाला. “बाइंडिंग तेवढी मजबूत कर.”

ते ऐकून माझी पहिली पाच मिनिटांची हौस तिथेच फिटली.

मला दाखवायचे होते ते राजूच्या वडिलांना, जानरावांना. जानरावांची दोन एकर जमीन मोठ्या रस्त्यात गेली होती आणि तिचे पैसे बँकेत पडून होते. त्यांची बायको सोजरबाई एकच गोष्ट घोकत असे, “जमिनीच्या पैशाची जमीनच झाली पायजे.” त्याप्रमाणे ठरलेही होते. गावातल्या जगदेवचे नाल्याकाठचे दोन एकर शेत दिवाळीनंतर विकत घ्यायचे, खरेदीखत करायचे. ते शेत आले तर राजू आणि त्याची बायको रूपाली गावातच राहणार, शेती करणार. नाही आले तर उरलेल्या तुकड्यावर चार माणसांचे भागणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होते.

पण राजू वाशीमला एका सभेला जाऊन आला होता. सभेत जेवण होते, टाळ्या होत्या आणि सूट घातलेला एक साहेब होता. ‘सोनपीक’ नावाचे नवे नाणे निघाले आहे, आत्ता घेतले तर सहा महिन्यांत दुप्पट, असे त्या साहेबाने सांगितले. राजू घरी येऊन बापाच्या मागे लागला. दोन एकरांच्या जागी चार घेऊ, थोडे थांबा, म्हणू लागला.

जानराव काही भोळे नव्हते. ते म्हणाले, “कागद हाये काय? कागदाबिगर मी एक रुपया सोडत नाई.”

म्हणून माझा जन्म झाला.

मित्रांनो, जानरावांनी मला हातात घेतले ती दुपार मी विसरणार नाही. त्यांनी चष्मा लावला, अंगठा ओला केला आणि एकेक पान उलटून मोजले. मधले एखादे गळाले तर नाही ना, हे पाहिले. शेवटच्या पानावर शिक्का आहे का, तेही शोधले. गोल शिक्का सापडला तेव्हा त्यांची मान डोलली. मी इंग्रजीत होतो आणि इंग्रजी त्यांना येत नव्हते. पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. ते म्हणाले, “सातबारा तरी मले कुठी वाचता येते धड? कागद हाये म्हनून जमीन हाये.”

त्यांचेही चुकत नव्हते. त्यांच्या उभ्या आयुष्यात कागद असला की वस्तू असायचीच. कागद असूनही वस्तू नसते, असे त्यांना कोणी कधी दाखवले नव्हते.

तरी त्यांनी चौकशी सोडली नाही. मला काखेत मारून ते जऊळक्याला गेले. तिथे स्टेशनजवळ धान्याचा व्यापार करणारा धनराज त्यांच्या ओळखीचा. त्याने मला तळहातावर तोलले, नवव्या पानावरचे नाणे काढणाऱ्यांचे फोटो पाहिले आणि निकाल दिला, “मानसं तं साहेबच दिसतात. कागदही वजनदार हाये. खोटं काम असतं तं येवढा खर्च कोन करते?” त्याने चहा पाजला. माझ्यावर एक थेंब सांडला, तो अजून नवव्या पानावर आहे. वाचले मात्र त्यानेही नाही.

आणि घरात रूपाली होती. वाशीमच्या कॉलेजातून बी. कॉम. झालेली, इंग्रजी चांगले वाचणारी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसे झाले. जानराव जऊळक्याला जाऊन आले, पण स्वयंपाकघरापर्यंत चार पावले चालून गेले नाहीत.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिनेच सासऱ्यांना विचारले, “मामाजी, मी पाहू काय जरा?”

राजू मध्येच म्हणाला, “कायले? मी पाह्यलं ना समदं.”

त्याने पाहिले होते ते फक्त रंगीत तक्ते, आणि तेही मोबाइलवर.

सोजरबाईने पाट मांडला होता. ती म्हणाली, “पूजेचं आवरू दे पोरी, मंग पाह्य.” तिने मला पाटावर ठेवले, हळदीकुंकू वाहिले, फूल ठेवले आणि नमस्कार केला. खरे सांगतो, मला बरे वाटले. इतका मान मला कोणी दिला नव्हता. पण पूजा झाल्यावर तिने मला सातबाऱ्यासोबत लाल कापडात बांधले आणि वर गाठ मारली. त्या घराची रीत अशी, की लक्ष्मीपूजनाची गाठ पुढच्या दिवाळीलाच सुटते. मध्ये सोडली तर लक्ष्मी रुसते. रूपाली त्या गाठीकडे पाहत थोडा वेळ उभी राहिली आणि मग भांडी आवरायला गेली.

त्या गाठीच्या आत मी ओरडत होतो. पण आम्हा कागदांना आवाज कुठला? जो वाचेल त्याच्याच तोंडून आम्ही बोलतो. माझ्यात थापा नव्हत्या असे नाही. पहिली पंधरा पाने तर नुसत्या फुशारक्याच होत्या, त्यांची मला लाजच वाटते. पण सव्विसाव्या पानावर, बारीक अक्षरात, खरे लिहिले होते. राजूने, जानरावांनी, कोणीतरी तेवढे एक पान वाचावे म्हणून मी तळमळत होतो. दिवाळी सरली आणि जमिनीचे सगळे पैसे राजूच्या मोबाइलमधून सोनपीकमध्ये गेले.

मग सुरू झाले पेटीतले दिवस. शेजारचा सातबारा कधी माझ्याशी नीट बोलला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्यांनी वाचल्याचा त्याला तोरा होता. मी अंधारात पडून घरातले आवाज ऐकायचो. आधी हसण्याचे आवाज आले. मोबाइलवरचा आकडा वाढला म्हणून सोजरबाईने शिरा केला. नंतर एकदा जगदेव आला.

“जानराव, शेत घेता का नाई? मी किती दिवस थांबू?”

“चार महिने थांब,” जानराव म्हणाले.

जगदेव थांबला नाही. त्याच्या घरी लग्न होते. नाल्याकाठचे ते दोन एकर दुसऱ्याने घेतले. राजू म्हणाला, त्याहून चांगले घेऊ.

उन्हाळ्यात एका सकाळी आकडा एकदम खाली आला. दोन दिवसांनी ॲपच उघडेना. सभेतल्या साहेबाचा फोन लागेना. त्यानंतर घरात इतकी शांतता पसरली, की पेटीवर पाल चालली तरी मला ऐकू यायचे. जानराव राजूवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. ते फक्त बोलायचे थांबले. मृग लागायच्या आत राजू पुण्याकडे एका कंपनीत कामाला गेला. जाताना सोजरबाईने विचारले, “कधी येशीन?” मला फक्त दाराची कडी वाजलेली ऐकू आली.

मित्रांनो, मी फार एकटा होतो. कोणी मला शिवी दिली असती, फाडले असते, चुलीत घातले असते, तरी चालले असते. पण माझी आठवणही कोणाला नव्हती. दोषी म्हणूनसुद्धा नाही.

पुढची दिवाळी आली तेव्हा गाठ सुटली. सोजरबाईने सातबारा पाटावर ठेवला आणि मला बाजूला टाकले. रूपालीने मला उचलले. ओसरीवर बसून तिने पहिले पान उघडले आणि मी श्वास रोखला. जानराव खाटेवर होते. तिचे ओठ हलताना त्यांनी पाहिले.

“मोठ्यानं वाच,” ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले होते.

ती एकेक ओळ मराठीत सांगू लागली. किती नाणी काढली, त्यांतली निम्म्याहून जास्त काढणाऱ्यांनी स्वतःकडेच कशी ठेवली, लोकांच्या पैशातून गोदामे बांधू म्हणतात पण एकही बांधलेले नाही. मग सव्विसावे पान आले. ती अडखळली.

“वाच ना.”

“यात लिव्हलं हाये, मामाजी, का पैसे वापस भेटतीन याची हमी नाई. अन्‌ ज्यांनी हे नाणं काढलं, ते आपला हिस्सा कधीबी, न सांगता इकू शकतात.”

“अन्‌ पत्ता?” जानरावांनी विचारले.

तिने शेवटचे पान उलटले. “पत्ता नाई. नुसता ईमेल हाये.”

“गावाचं नावबी नाई?” जानराव उठून बसले. “अवं, बैल इकत घेतो तं मानूस पयले गाव पुसते! अन्‌ हे समदं तवाबी यातच व्हतं?”

“हो, मामाजी.”

त्यांनी पेन मागितला. तलाठ्यापुढे, रजिस्ट्रारपुढे त्यांनी जन्मभर जसे केले तसेच त्यांनी केले. माझ्या शेवटच्या पानावर रूपालीकडून लिहवून घेतले, ‘वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे.’ खाली सही केली आणि तारीख सांगितली.

रूपाली थांबली. “मामाजी, हे तं मागच्या सालच्या लक्ष्मीपूजनाची तारीख हाये.”

“माहीत हाये मले. त्याच दिवशी तू मांगलं व्हतं, पोरी. तेच टाक.”

तिने डोळे पुसत तीच तारीख टाकली. माझ्या अंगावरची ती एकमेव मराठी ओळ आहे, आणि तिच्याखालची तारीख खोटी आहे.

मित्रांनो, मला पुजू नका. माझे वजन करू नका, माझ्यातले फोटो पाहून माना डोलावू नका. माझे भाऊबंद रोज जन्माला येतात आणि ते सगळेच खरे बोलतात असेही नाही. म्हणून त्यांच्यातली नावे, पत्ते, वचने बाहेर तपासून घ्या. ज्यांना मोठेपणा द्यायचा त्यांच्या हाती नव्हे, ज्यांना वाचता येते त्यांच्या हाती कागद द्या, मग ती घरातली सून का असेना. आणि पैसे जाण्याच्या आधी द्या. मला शेवटी वाचणारी भेटली, याचा आनंद मला होऊ शकला असता. पण ज्या दिवशी ती मला वाचत होती, त्या दिवशी पाटाभोवती तीनच माणसे होती.