नवरीची तारीख

प्रेरणानं पोह्यांवर खोबरं भुरभुरलं, तेवढ्यात आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला.

"विचारलं की पाच तारीख सांगजो. जास्त शहाणपण नको करू."

बाहेर बैठकीत महाराज पंचांग उघडून बसले होते. सुपारी फुटली, पेढे वाटले, राहिला होता फक्त लग्नाचा दिवस. आणि तो काय एकटे महाराज काढतात होय! डोणगावात आजवर असंच चालत आलेलं. आधी वरमाय स्वयंपाकघरात शिरणार, नवरीच्या कानाशी लागून पाळीची तारीख विचारणार, मग बाहेर निरोप जाणार, "तो दिवस नको, हा घ्या." का, ते पुरुष विचारत नाहीत. देवकार्यात अडचण नको, एवढंच.

नेमकं तिथंच घोडं अडलं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून प्रेरणाची पाळी मनाला येईल तेव्हा यायची. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी आली की मुक्कामच ठोकायची. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून थायरॉइड सांगितलं. "गोळी नेमानं घे, जागरणं सोड, बसेल हळूहळू घडी," असंही म्हणाल्या. पण हे ऐकून सोयरीक मोडली तर? आईनं धास्तीच घेतली होती. धास्ती प्रेरणालाही होती. नवरा मुलगा, भागवत, तिला आवडला होता. आवडला म्हणजे काय, जाम आवडला होता!

भागवतची आई विमलबाई आत आल्या. पाटावर ऐसपैस बसल्या, पोह्यांची बशी हातात घेतली आणि आवाज खाली आणला.

"पोरी, तुही तारीख कोणती व?"

"पाच..." प्रेरणा म्हणाली आणि थांबली. आई डोळे वटारून पाहत होती. पण ज्या घरात जन्म काढायचा, तिथं पहिलाच शब्द खोटा बोलायचा?

"नाही मावशी. माही तारीख ठरलेली नसतेच. थायरॉइड हाय मले, गोळ्या चालू हायेत. मांगून कळण्यापरीस आताच सांगतो."

आईनं कपाळाला हात लावला.

विमलबाईंनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"कवा येईन, तुले नाही माहीत?"

"नाही."

"डॉक्टरीणले?"

"तिलेही नाही."

"मंग महाराजाले काय कपाळ माहीत राहीन!" विमलबाई खळखळून हसल्या. "गोळी उपाशीपोटी घेतं ना?"

प्रेरणानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अन् मांडवातच आली तर, ताई?" आईनं कसंबसं विचारलं.

"तर येऊ द्या. सासू हाय ना तिची तिथं."

बशी खाली ठेवून त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि बैठकीला ऐकू जाईल असा आवाज दिला,

"ओ महाराज! नवरीले कोणताही दिवस चालते. सगळ्यात जवळचा काढा!"