नाही ऐकायचा तास

दुसरी ब मधल्या रसिकाची आजी मंगळवारी दुपारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत येऊन बसली आणि समोर ठेवलेला पाण्याचा ग्लास बाजूला सारून म्हणाली, "आमच्या पोरीला तुमी काय शिकवलं, तेवढं मना सांगा."

मनोरमा मॅडमना काहीच ठाऊक नव्हतं. पण पुस्तकात नसलेलं जे काही या शाळेत शिकवलं जातं ते सुचेता शिकवते, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी शिपायाला पाठवलं. सुचेता आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत दोन बाहुल्या होत्या. पहिलीच्या वर्गात त्या एकमेकींवर रुसल्या होत्या आणि समेट व्हायच्या आधीच तिला बोलावणं आलं होतं.

सुचेता शाळेची समुपदेशक. शाळा भाईंदर पश्चिमेची, राई गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. प्राथमिकचे वर्ग दुपारचे. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास तिचा. वेळापत्रकात त्याचं नाव 'जीवनकौशल्ये', मुलांच्या तोंडी 'सुचेता टीचरचा तास' आणि स्टाफरूममध्ये, ती नसताना, 'रुसव्याफुगव्याचा तास'. हरल्यावर पोटात काय होतं, कुणी चिडवलं तर कुणाला सांगायचं, राग आला की हातांचं काय करायचं, असलं ती शिकवायची. गेल्या शुक्रवारी दुसरी ब मध्ये 'माझं अंग माझं' हा धडा झाला होता. कुणी हात लावलेला नकोसा वाटला तर त्याच्याकडे बघून मोठ्याने म्हणायचं, 'नाही, मला आवडत नाही.' मुलांनी ते इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या वर्गातून निरोप आला. शेवटी तिने घरचा अभ्यास दिला: आठवडाभरात एकदा तरी कुणाला तरी असं म्हणून बघा.

रसिकाने अभ्यास सोमवारीच उरकला होता. शाळेच्या फाटकात.

तिची आजी सत्यवती सकाळी बाजारात मासळी विकायची. पाटी रिकामी झाली की घरी येऊन नातीला जेवू घालायची आणि शाळेत सोडायची. रसिकाची आई मिरा रोडच्या एका दवाखान्यात कामाला, बाप बोटीवर. मुलीचं सगळं आजीकडे. फाटकात निरोप घेताना आजी नातीचा चेहरा ओंजळीत धरायची, गालांवरून हात उतरवायची आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. बालवाडीपासूनची रीत. सोमवारी तिने हात पुढे केले आणि रसिका मागे सरली. शिकवल्याबरहुकूम, डोळ्यांत बघून म्हणाली, "नाही. मला आवडत नाही."

"बायका उभ्या होत्या तिथं," सत्यवती सांगत होती. "एक बोलली, वास येत असंल गं मावशी, पोरींना आता कळतं. हसल्या समद्या."

"आजी, तसं काही तिच्या मनात..."

"मी लिंबू लावून हात धुते, टीचर. आजकाल न्हाय, लगीन होऊन आली तवापासनं." तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, क्षणभर बघितले आणि मांडीवर ओढून पदराखाली घेतले. "आज मी फाटकाच्या अलीकडंच उभी रायली. जा बोलली. गेली ती. आता न्हाय लावत हात. पन हे शिकवायची गोष्ट हाय का?"

मनोरमा मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्ही निश्चिंत जा. शुक्रवारी टीचर मुलांना सांगतील, घरच्या मोठ्या माणसांना असं बोलायचं नसतं."

आजी गेल्यावर सुचेताने दार लोटलं.

"मॅडम, हे मला सांगता येणार नाही."

"का?"

"घरच्यांना नाही म्हणायचं नाही, असं एकदा सांगितलं की त्या धड्यात काही उरत नाही. मुलांना ज्यांना नाही म्हणायची वेळ येते ते बहुतेक घरचे, नाहीतर ओळखीचेच असतात."

"ते कळतं मला. तीस वर्षं शाळेत घालवलीत, सुचेता. पण त्या बाईने हात लपवले. बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग त्याच्यावर तुझ्याकडे काही आहे? असेल तर शुक्रवारी ते सांग. नसेल तर माझं वाक्य सांगायचं. मी दारात येऊन ऐकणार आहे. आणि हा धडा दुसरीला पुढे ठेवायचा की नाही, तेही मग बघू."

बेव्हर्ली पार्कला घरी जाताना रिक्षात सुचेताने तो शुक्रवारचा तास मनातल्या मनात पुन्हा घेतला. चूक सापडली नाही. पदराखाली गेलेले हात मात्र डोळ्यांसमोरून हलेनात.

बुधवारी मधल्या सुट्टीनंतर तिने रसिकाला आपल्या खोलीत बोलावलं. खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती. कोपऱ्यात अजून स्टंप उभे असायचे. रसिका आली, बसली आणि पाय हलवू लागली.

"तू आजीला नाही म्हणालीस म्हणे."

"अभ्यास होता."

"हो, होता. आजीने गालाला हात लावलेला तुला आवडत नाही का?"

टीचरला एवढंही कळत नाही, अशा नजरेने रसिकाने तिच्याकडे पाहिलं. "आवडतो."

"मग?"

"टीचर, कुणाला तरी म्हणायचं होतं ना! मम्मी घाईत असते, तिला ऐकूच जात नाही. वर्गातल्या मितेशला नाही म्हटलं की तो जास्त करतो. आजीला म्हटलं की आजी ऐकते." ती बोटांवर मोजू लागली. "आधी आजीवर करून बघितलं. मग काशीनाथ काकांना बोलणार होते."

सुचेताने हातातलं पेन हळूच खाली ठेवलं. "काशीनाथ काका कोण?"

"शाळेसमोरचे. स्टेशनरीवाले. खोडरबर घ्यायला गेलं की गाल ओढतात. असा." रसिकाने स्वतःचा गाल चिमटीत धरून ताणला, एक डोळा मिटला गेला. "म्हणतात, काय गं माझ्या बोंबला. दुखतं. आणि मी हसेपर्यंत सोडतच नाहीत."

डब्यात काय आणलंस, हे विचारावं त्या आवाजात सुचेताने बाकीचं विचारलं. दुकानात आणखी कोण असतं, कधी आत बोलावतात का, आणखी कुठे हात लावतात का, आणखी कुणी असं करतं का. नाही. सगळ्यांसमोर, गल्ल्यापाशी, फक्त गाल.

"मग बोललीस त्यांना?"

"नाही."

"का गं?"

रसिकाचे पाय हलायचे थांबले. "आजीला म्हटलं तर आजीपण लांब उभी राहते. भात कालवून देत नाही. नुसतं ताट ठेवते नि तिकडे बघते. काका तर खोडरबरपण देणार नाहीत." मग एखाद्या खेळातून नाव काढून घ्यावं तसं ती म्हणाली, "मी आता 'नाही' म्हणणार नाही, टीचर. कुणालाच."

ती वर्गात गेली. सुचेताला चूक आता सापडली होती. वर्गभर मुलांना तिने 'नाही' ओरडायला शिकवलं होतं. 'नाही' कानावर आलं की काय करायचं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने अर्धाच धडा शिकवला होता आणि उरलेला अर्धा एका आजीवर येऊन आदळला होता.

गुरुवारी सकाळी ती बाजारात गेली. सत्यवतीने तिला लांबूनच ओळखलं.

"मांदेली घ्यायला आल्याव का भांडायला?"

"दोन्ही नाही. पाच मिनिटं बोलायचंय."

"बोला की. हात चालतो, कान मोकळेच हायेत."

सुचेताने शेजारच्या उपड्या टोपलीवर बसून सगळं सांगितलं, मुलीच्याच शब्दांत, काही न गाळता. सत्यवतीचा हात मासळीवर चालत होता तो 'आजी ऐकते' या शब्दांपाशी थांबला.

"आसं बोलली ती?"

"असंच."

"म्हंजे नेम धरायला मी, नि मारायचा त्या काशीनाथला." ती हसली, मग डोळ्यांवरून मनगट फिरवलं. "आनि मी येडी लिंबं चोळत बसली. वर त्या लेकराला ताट सरकवलं." तिने समोरचा कोयता उचलला. "जाते मी आज त्याच्याकडं."

"आजी, तो ठेवा आधी खाली. मी त्यांच्याशी बोलेन, तुम्हीही बोला, ते चुकणार नाही. पण पहिल्यांदा तिला बोलू दे. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा. आत्ता तिला वाटतंय, नाही म्हटलं की माणूस जातं."

"नि ती मना परत 'न्हाय' बोलली तर? मी काय करू? हात काय घरी ठिवून येऊ?"

"बरं म्हणायचं. आणि तिथंच राहायचं. रुसायचं नाही, जायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

सत्यवतीने कोयता खाली ठेवला. "लय कठीन हाय ओ," ती म्हणाली.

शुक्रवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. दुसरीच्या बाकात तिचे गुडघे मावेनात, म्हणून ती तिरकी बसली. रसिका त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये दोन मुलं बसतील एवढी जागा. मनोरमा मॅडम दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"गेल्या वेळी आपण नाही म्हणायला शिकलो," सुचेता म्हणाली. "आज नाही ऐकायला शिकायचं."

"टीचर, ते तर येतं मला," मितेश म्हणाला. "रोज ऐकतो. मम्मी प्रत्येक गोष्टीला नाहीच बोलते."

"आणि मग तू काय करतोस?"

"लोळतो."

वर्ग हसला. दारात मॅडमही हसल्या, मग पुन्हा गंभीर झाल्या.

नियम साधा होता. एकाने काहीतरी मागायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं. पहिल्याने 'बरं' म्हणायचं आणि तिथंच बसून राहायचं. 'का' विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही. संजनाने मितेशकडे शार्पनर मागितला. तो नाही म्हणाला. "बरं," संजना म्हणाली, "कट्टी."

"टीचर, कट्टी चालते?" तिनेच विचारलं.

"नाही चालत."

"बरं मग, बट्टी. पण तू बकवास आहेस."

"तेपण नाही चालत," चार-पाच जण ओरडले.

तीन-चार जोड्या झाल्यावर सुचेताने आजीकडे पाहिलं. सत्यवतीने घसा साफ केला.

"रसिका, गालाला हात लावू?"

सगळ्या माना त्या बाकाकडे वळल्या. सोमवारची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. रसिकाने टीचरकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. एवढा वेळ गेला की सुचेताला वाटलं, आता ही हो म्हणणार, आणि ते आजी जाऊ नये म्हणून म्हणणार.

"नाही," रसिका म्हणाली. आवाज जेमतेम फुटला.

सत्यवतीचा हात सवयीने उठला होता. तो तिने परत बाकावर ठेवला. "बरं," ती म्हणाली आणि बसून राहिली.

रसिका वाट बघत होती. काहीच होत नव्हतं. आजी नुसती बसली होती, तिच्याकडे तोंड करून, पंख्याखाली पदर सावरत.

"परत विचार."

"लावू?"

"नाही."

"बरं."

"परत."

पाचव्यांदा आख्खा वर्ग आजीबरोबर 'बरं' म्हणाला. रसिकाला हसू आवरेना. तिने तोंड दप्तरात खुपसलं. डोकं वर काढलं तेव्हा ती सरकत आली होती, बाकावरची मधली जागा संपली होती आणि तिचं कोपर आजीच्या कोपराला टेकलं होतं. गालाला हात लावायचा विषय कुणी काढला नाही.

तास संपल्याची घंटा झाली. मनोरमा मॅडम अजून दारातच होत्या.

"माझं वाक्य राहिलं, सुचेता."

"हो."

मॅडमनी आत आजीकडे बघितलं. मितेश तिला आपला शार्पनर दाखवत होता. "राहू दे," त्या म्हणाल्या. "पालकसभेला हाच तास घे. खुर्च्या मोठ्या लावायला सांगते."

शाळा सुटली तेव्हा सुचेता जिन्याच्या खिडकीत उभी होती. तिथून फाटक दिसायचं आणि रस्त्यापलीकडचं काशीनाथचं दुकान. रिक्षांच्या हॉर्नमध्ये तिकडचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. काय झालं तर खाली धावायला किती वेळ लागेल याचा तिने अंदाज घेतला होता आणि चपलेचा पट्टा घट्ट केला होता.

रसिका दुकानासमोर उभी राहिली. सत्यवती तिच्या शेजारी, हात पाठीमागे बांधून. काशीनाथ काहीतरी म्हणाला, वाकला आणि त्याचा हात गल्ल्यावरून पुढे आला. रसिका मागे सरली. तिचे ओठ हलले. हात अर्ध्यावर थांबला.

काशीनाथ हसला. हसत हसत त्याने सत्यवतीकडे पाहिलं, पोरीचं काय मनावर घ्यायचं, अशा अर्थाने मान झटकली. सत्यवती हसली नाही. तिने हनुवटीने फक्त रसिकाकडे दाखवलं.

काशीनाथने पुन्हा मुलीकडे पाहिलं. रसिकाचे ओठ पुन्हा हलले, या वेळी जास्त मोठे उघडले. हात मागे गेला. मग त्याने बरणीतून एक खोडरबर काढला आणि गल्ल्यावर, तिचा हात पुरेल अशा जागी ठेवला.

रसिकाने तो लगेच उचलला नाही. आधी तिने वळून मागे बघितलं, आजी आहे का.

आजी होती.